चौसष्ट नावं, पाच सभासद

"मॅडम, अध्यक्ष वारले हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. आता हा चेक मला घेता येणार नाही."

काउंटरवरच्या मुलीला मी काय बोलणार? मी स्वतः दुसऱ्या एका बँकेत एकवीस वर्षं नोकरी करते. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

ही गोष्ट जुलै २०२२ ची. आमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारीच्या, क्लबचा रिपीटर डोंगरावर आहे; छोट्या सेटचे सिग्नल पकडून तो लांबवर पुन्हा सोडतो. बॅटऱ्या बसल्यामुळे तो बंद पडला होता. खात्यात ४१ हजार रुपये होते आणि बॅटऱ्यांना साधारण तेवढेच लागणार होते. हिशेब सोपा होता. पण चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या लागत. अध्यक्ष, म्हणजे आमचे अण्णा, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. खजिनदार मुलाकडे कॅनडात स्थायिक झालेले. आणि सचिव २०१३ साली क्लब सोडून गेले ते परत फिरकले नाहीत. बँकेला हवा होता आजच्या कार्यकारिणीचा ठराव आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीचा उतारा. तो माझ्या हातात होता, पण त्यावरची कार्यकारिणी २०११ ची होती.

आमचं गाव कृष्णाकाठचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती सगळी मंडळी हे वाचणार आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्याकडेही दोन दिवस मोबाइल बंद होते. हातातल्या पाच वॅटच्या हँडीवरून आम्ही निरोप पोचवत होतो, ते या रिपीटरच्या जिवावर. त्यामुळे तो बंद असणं कोणालाच परवडणारं नव्हतं. ग्रुपवर पंधरा मिनिटांत सूचना आली, "वर्गणी काढा, बॅटऱ्या आणा, विषय संपवा." अकरा वर्षं आम्ही हेच करत आलो होतो. टोपी फिरवायची, काम भागवायचं.

या वेळी मी अडून बसले. रिपीटरचा परवाना संस्थेच्या नावावर होता आणि त्याच्या कागदांवर जबाबदार व्यक्ती म्हणून अण्णांचं नाव होतं. बॅटरी वर्गणीतून येईल, परवान्यावरचा माणूस वर्गणीतून कसा आणणार?

"मग वहिनी, तुम्हीच बघा आता," कोणीतरी लिहिलं. क्लबमध्ये मी निम्म्या लोकांची वहिनी, कारण आमच्याकडे आधी परवाना यांना मिळाला. मोर्सची परीक्षा देऊन जनरल हा परवान्याचा वरचा ग्रेड मी काढला, हे अजून खालच्या रिस्ट्रिक्टेडवर आहेत. पण वहिनी ती वहिनीच.

काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक काढून दिली. वर क्यूएसएल कार्डं, म्हणजे संपर्क झाल्याच्या पोचपावत्या, देशवार लावून रबर बँडने बांधलेली. त्याखाली अण्णांची लॉगबुकं. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये, अण्णा सेट घेऊन तिकडे गेले होते. त्या दिवसांची लॉगबुकं मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसून वाचली. प्रत्येक संपर्काची वेळ, फ्रीक्वेन्सी, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं सांकेतिक नाव), सिग्नल कसा होता, निरोप काय होता. एक ओळ चुकलेली नाही. आम्हा हॅम लोकांना ही सवयच लागते. जपानमधला माणूस अर्धा मिनिट ऐकू आला तरी त्याची मिनिटासकट नोंद करतो आम्ही.

आणि सगळ्यात तळाशी संस्थेचं प्रोसिडिंग बुक. २००९ ची सभा: "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. अल्पोपाहारानंतर सांगता." २०१० ची सभा: "वरीलप्रमाणे." २०१३ च्या सभेला अर्धं पान होतं आणि त्यातल्या चार ओळी काट मारून खोडलेल्या. त्यानंतर कोरी पानं. बहुतेक सगळी अण्णांच्याच अक्षरात लिहिलेली ही दोन्ही वह्यांची जोडी मी शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. एकात जगभरच्या अनोळखी माणसांचा चोख हिशेब होता, दुसऱ्यात आमचा स्वतःचा कणभरही नव्हता.

संस्थेची घटनाही सापडली. अण्णांनी ती कुठल्याशा व्यायामशाळेच्या घटनेवरून उतरवली असणार, कारण कलम ४ मधल्या उद्दिष्टांत "बिनतारी संदेशवहनाचा प्रसार"च्या खालीच "आखाड्याची व साहित्याची देखभाल" असं होतं. धर्मादाय कार्यालयाने तेही मंजूर केलेलं. आम्ही खूप हसलो. पण नंतरच्या सहा महिन्यांत त्या आखाड्याने आम्हाला बरंच खेळवलं.

ओळखीतल्या एका वकीलबाईंकडे ट्रंकेतले कागद घेऊन गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सभासद किती?"

मी रजिस्टरमधून मोजून आणलं होतं. "चौसष्ट."

"हयात?"

इथे मी थांबले. हॅम माणूस गेला की त्याला आम्ही सायलेंट की म्हणतो. मोर्सची ती कळ पुन्हा वाजणार नाही, म्हणून. नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी सगळे रेडिओवर जमतात तिथे, त्याचं नाव घेऊन सगळे एक मिनिट कॅरियर, म्हणजे सिग्नलची लहर, न सोडता शांत राहतात. पण रजिस्टरमधून त्याचं नाव कमी करायचं असतं, हे आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिथेच बाईंच्या टेबलावर पेन्सिलने खुणा केल्या. तेरा सायलेंट की. घटनेप्रमाणे सभेला एक तृतीयांश सभासद हवेत. चौसष्टांचे बावीस झाले. एवढी माणसं आमच्याकडे फक्त कोजागरीला जमतात. म्हणजे इतकी वर्षं आमच्या सभा भरत नव्हत्या, त्याला गेलेली माणसंही कारण होती म्हणायची.

"हयात एक्कावन्न. त्यांतले वर्गणी भरलेले किती?"

वर्गणी दोनशे रुपये. शेवटची पावती २०११-१२ ची. त्यानंतर कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही.

बाईंनी एक जाड पुस्तक उघडून माझ्यासमोर सरकवलं. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, कलम १५. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, आणि या कायद्याखालच्या कामकाजात त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. मी ते दोनदा वाचलं. मत नाही, एवढ्यावर ते थांबत नव्हतं. त्या घडीला मी सभासदच नव्हते. हेही नव्हते. रोज रात्री नऊला नेट चालवणारा मुलगा नव्हता, रिपीटरच्या डोंगरावर पाठीवर बॅटऱ्या वाहून नेणारे चौघं नव्हते.

"आजीव सभासद?"

"आठ होते. तिघं गेले."

"म्हणजे तुमची संस्था आज पाच माणसांची आहे," बाई म्हणाल्या. "कोरम दोन."

पाचांतले एक कॅनडात, एक अंथरुणाला खिळलेले. उरले तीन, आणि त्यांतले एक रुसून बसलेले माजी सचिव.

त्या रात्री ग्रुपवर नाही, फोनवर चर्चा झाली आणि ती एकच्या पुढे गेली. एक गट म्हणाला, घ्या तिघांत उरकून. दोघांनी सभा भरवायची, हव्या त्या सातांना आत घ्यायचं, कार्यकारिणी करायची, मग सगळ्यांना पुन्हा सभासद करून घ्यायचं. कायद्याने चालण्यासारखं होतं, असं वकीलबाईही म्हणाल्या. मला मात्र ते पटेना. दोन माणसांनी निवडलेल्या कार्यकारिणीपुढे उरलेल्या सगळ्यांनी अर्ज घेऊन उभं राहायचं, आणि त्याला आम्ही पुन्हा क्लब म्हणायचं? दुसरा गट म्हणाला, थकबाकी माफ करा. पण माफ करायला कार्यकारिणी हवी, आणि ती निवडायला सभासद. गाडी तिथेच अडकायची.

शेवटी सरळ रस्ता उरला. ज्याला मत द्यायचंय त्याने अकरा वर्षांचे बावीसशे रुपये भरायचे.

हे नेटवर जाहीर करावं अशी एकाची सूचना होती, कारण रात्री नऊला दुसऱ्या गावच्या रिपीटरवर का होईना, पंधरा-वीस जण असतातच. त्याला जुन्या लोकांनी तिथल्या तिथे गप्प केलं. परवान्याप्रमाणे हवेवर बोलायचं ते तांत्रिक आणि किरकोळ घरगुती. थकबाकी कोणाची आणि निवडणुकीला उभं कोण, हे तिथे नाही. शिवाय स्कॅनर असलेला कोणीही ऐकतो. तरी एवढं ठरलं की नेटच्या शेवटी "सर्वांनी आपापली टपाल पेटी बघावी" इतकंच म्हणायचं. त्या वाक्याची पुढे इतकी चेष्टा झाली की आता आमच्याकडे पैसे मागायचे असले की कोणीही हेच म्हणतं.

आता सर.

माजी सचिव पॉलिटेक्निकला शिकवायचे, म्हणून सर. निवृत्तीनंतर ते कऱ्हाडला मुलीजवळ राहायला गेले होते. वकीलबाईंचं म्हणणं, सभेची नोटीस शेवटच्या नोंदीतल्या सचिवाच्याच सहीने निघाली पाहिजे, म्हणजे उद्या कोणी हरकत घ्यायला नको. फोन केला तर सर म्हणाले, "मी क्यूआरटी आहे." म्हणजे स्टेशन बंद. आणि फोन ठेवला.

रविवारी आम्ही दोघं कऱ्हाडला गेलो. गेटमधूनच हे मला कोपराने ढोसून म्हणाले, "वर बघ." गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही अँटेना होता, आणि खाली येणारी कोअ‍ॅक्स केबल कोरी करकरीत.

"सर, तुम्ही क्यूआरटी म्हणालात."

"क्लबपुरता. बँडपुरता नाही." त्यांनी आत बोलावलं. चहा झाला. माझ्या हातातली नोटीस त्यांनी बघितलीच नाही. मग अचानक मलाच विचारलं, "तू चाळीस मीटरच्या बँडवर सकाळी कुठे असतेस?"

"७१५० च्या आसपास," मी फ्रीक्वेन्सी सांगितली.

"ती जागा कोणी दिली तुला?"

मला खरंच माहीत नव्हतं. परवान्यात लिहिलीय म्हणून बोलतो, एवढंच.

मग सरांनी सांगितलं. आपल्या भागात ७१०० ते ७२०० किलोहर्ट्झ हा पट्टा पूर्वी प्रसारण केंद्रांकडे होता. २००३ साली जिनिव्हाला जागतिक रेडिओ परिषद झाली आणि तो पट्टा प्रसारण केंद्रांनी २९ मार्च २००९ पर्यंत मोकळा करायचा असं ठरलं. तिथे मत सरकारांचं असतं, हॅमचं नाही. हॅमची बाजू मांडायला आंतरराष्ट्रीय संघ असतो, आयएआरयू, १९२५ मध्ये पॅरिसला स्थापन झालेला. त्यात एका देशाची एकच संस्था. भारताची एआरएसआय, १९४८ मध्ये महूला लष्कराच्या सिग्नल्सच्या शाळेत क्लब म्हणून निघालेली आणि १९५४ मध्ये दिल्लीला गेलेली.

"आता मला सांग," सर म्हणाले, "त्या संस्थेने आपल्या सरकारकडे जाऊन म्हटलं, आमचं असं असं मागणं आहे. समोरचा साहेब पहिलं काय विचारणार? तुम्ही किती जणांच्या वतीने बोलताय? २०१३ ला मी सभेत म्हटलं, आपण सगळे व्यक्तिशः एआरएसआयचे सभासद होऊ. तर म्हणे, दिल्लीवाल्यांशी आपल्याला काय करायचंय, आपला रिपीटर चालू आहे ना. अरे, रिपीटरची फ्रीक्वेन्सी आभाळातून पडली का?"

पण भांडण त्यावरून झालं नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. त्याच सभेत, विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत, क्लबचा जुना एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा, सेट विकल्याचं अण्णांनी सांगितलं होतं. किती रुपयांना, कोणाला, पैसे कुठे आहेत? सरांनी विचारलं. अण्णांना तो आरोप वाटला. "तीस वर्षं पदरचे घालतोय मी," असं म्हणून ते उठून गेले. इतिवृत्तातल्या त्या चार ओळी सरांनी लिहिलेल्या होत्या, आणि खोडलेल्या अण्णांनी.

सरांनी शेवटी नोटीस हातात घेतली. शिक्षकच ते, लाल पेन काढलं. हिशेबाचा विषय पाचव्या क्रमांकावर होता तो दुसऱ्यावर आणला आणि "हिशेबास मंजुरी देणे"च्या जागी "हिशेब वाचून दाखवणे व मंजुरी देणे" केलं. चौथा विषय घातला राष्ट्रीय संस्थेच्या सभासदत्वाचा. मग सगळ्यात खालची ओळ, जी महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळाच्या, सोसायटीच्या, पतपेढीच्या नोटिशीत असतेच असते, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय", ती त्यांनी आडवी रेघ मारून काढून टाकली.

"सेट याच ओळीत विकला गेला होता," ते म्हणाले आणि सही केली.

परत येताना हे गाडी चालवत होते आणि मी मनातल्या मनात अण्णांच्या बाजूने भांडत होते. पदरचे घालणारा माणूस हिशेब विचारला की दुखावतो, हे मी बँकेत रोज बघते. पण सरांनी विचारलं यात वावगं काय होतं?

पुढचे तीन महिने कागदांचे. एक्कावन्न नोटिसा रजिस्टर्ड पोस्टाने गेल्या, कारण घटनेत तसं होतं. आखाड्याच्या काळातली घटना, तिला ग्रुपवरचं "नोटीस मिळाली, क्यूएसएल" चालत नव्हतं. नऊ पाकिटं "पत्त्यावर राहत नाहीत" म्हणून परत आली, ती तशीच न उघडता फायलीत लावली. थकबाकी भरायला शेवटच्या दिवशी रात्री साडेआठपर्यंत लोक घरी येत होते. सत्तावीस जणांनी भरली. कुरकुर करत भरली, हेही सांगायला हवं. एक जण म्हणाला, "बावीसशेत मला चायनीज हँडी येते." तरी भरले त्याने. आणि पावती फाडताना माझ्या लक्षात आलं की सत्तावीस गुणिले बावीसशे म्हणजे ५९,४०० रुपये. ज्या ४१ हजारांसाठी हा खटाटोप मांडला त्यापेक्षा जास्त. पैसे खात्यात भरायला बँकेची काहीच हरकत नव्हती. काढायचं तेवढं अडलेलं.

सी.ए.नी अकरा वर्षांचे हिशेब लावून दिले. व्यवहार फार नव्हतेच. पण २०१३ च्या पासबुकात, त्या सभेनंतर बरोबर सहा दिवसांनी, ६,५०० रुपये रोख जमा दिसत होते. शेजारी अण्णांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात "सेट" लिहिलं होतं.

मी ते सरांना फोन करून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. मला वाटलं, जे सगळ्यांसमोर अर्धवट राहिलं ते सगळ्यांसमोरच पुरं व्हावं.

१२ फेब्रुवारी २०२३, रविवार. एका शाळेचा वर्ग मिळाला होता. बत्तीस पात्र सभासद, कोरम अकरा, हजर चोवीस. सभा वेळेवर सुरू करता आली. गणसंख्या नसली तर अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा, ही सोय आमच्या घटनेत आहे, पण निवडणुकीला ती लागू नाही. व्यायामशाळेच्या पैलवानांनी ते बरं केलं होतं. हजेरी मी नेटसारखी घेतली. कॉलसाइन पुकारायचं, समोरच्याने नाव सांगायचं, मग सही. त्यामुळे एक मजा झाली. वर्षानुवर्षं रोज बोलणारी दोन माणसं एकमेकांना पहिल्यांदा बघत होती. एक म्हणाला, "तुम्ही आवाजावरून उंच वाटायचात." सर सगळ्यात मागे, मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते.

हिशेब मी वाचला. प्रत्येक वर्ष, प्रत्येक रक्कम. लोक कंटाळले, दोघं मोबाइल बघायला लागले. २०१३ आलं. "दिनांक अमुक, जुन्या एचएफ सेटच्या विक्रीचे, ६,५०० रुपये जमा."

मागच्या बाकावरून आवाज आला, "से अगेन."

मी पुन्हा वाचलं. तारीखही पुन्हा.

"रॉजर," सर म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. काकू आल्या नव्हत्या, मी बोलावलं होतं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तेव्हा कळलं की सर माझ्या आधीच येऊन गेले होते.

निवडणूक गुप्त मतदानाने झाली. अध्यक्षपदाला दोन उमेदवार, एक डॉक्टर आणि एक केबलचा व्यवसाय करणारे. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात. केबलवाल्यांना तेरा, डॉक्टरांना दहा आणि एक मत बाद, कारण त्या चिठ्ठीवर कोणीतरी नुसतं ७३ लिहिलं होतं, म्हणजे आमच्याकडचा निरोपाचा नमस्कार. डॉक्टर हरले तरी तिथेच थांबून खुर्च्या उचलायला लागले, हे मला आवडलं. सचिवपदाला एकच अर्ज आला, माझा, आणि तोही मी भरण्याआधी दुसऱ्यानेच भरून ठेवला होता. "वहिनी, तुमचं अक्षर छान आहे." मी म्हटलं, सचिव होते, पण इतिवृत्तात "वहिनी" असं लिहिणार नाही, कॉलसाइन लिहीन. तसा ठराव मात्र करू दिला नाही कोणी.

चौथ्या विषयावर सर उभे राहिले आणि पाच मिनिटं बोलले. जिनिव्हा, ७१००, पुढची परिषद २०२३ च्याच अखेरीस. एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "सर, राष्ट्रीय संस्थेत आपण नुसती वर्गणी भरायची की मतही द्यायचं? सभा परराज्यात असली तर कोण जाणार?" प्रश्न रास्त होता. आमच्या गावची सभा मुख्य चौकातल्या शाळेत असून २०१३ नंतर भरली नव्हती, देशपातळीच्या सभेला तर रेल्वेचं आरक्षण लागतं. सर म्हणाले, "जाणार नसाल तर निदान अहवाल आला की वाचा, आणि पटलं नाही तर पत्र लिहा. लिहिलेलं राहतं." व्यक्तिशः सभासदत्व घ्यावं अशी शिफारस मंजूर झाली. सतरा हात वर आले. दिवाळीपर्यंत पावत्या दाखवल्या पाच जणांनी. मी त्यांत चौथी.

धर्मादाय कार्यालयाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे नाट्य काहीच घडलं नाही. बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो आम्ही एप्रिलमध्ये दिला. नोटिशीची प्रत, पोस्टाच्या पावत्या, परत आलेली नऊ पाकिटं, हजेरीपट, इतिवृत्त, नव्या मंडळींची संमतीपत्रं, अण्णांचा मृत्यूचा दाखला, खजिनदारांचं कॅनडातून आलेलं ना-हरकत पत्र. तिथल्या लिपिकाने फाइल चाळली आणि विचारलं, "एवढ्याशा संस्थेला एवढे कागद?" मला ते कौतुक वाटलं. तीन तारखा पडल्या, नोव्हेंबरमध्ये मंजुरी आली, नवा उतारा मिळाला. बँकेतल्या त्या मुलीने तो बघितला, नव्या सह्यांचे नमुने घेतले आणि मग म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचं केवायसी लागेल."

बॅटऱ्या डिसेंबरात डोंगरावर गेल्या. रिपीटर वर आला तेव्हा पहिला कॅरियर कोणी सोडला यावर अजून वाद आहे. लॉगमध्ये वेळ आहे, रात्री ८ वाजून ४२ मिनिटं. नाव नाही.

त्यानंतरच्या सभेत घटनादुरुस्तीचा विषय घेतला. सायलेंट कीचं नाव कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत कमी करायचं, पण ते एका वेगळ्या पानावर, कॉलसाइनसकट, कायमचं लिहून ठेवायचं. तेरा नावांचं ते पान सरांनी लिहिलं, पहिलं नाव अण्णांचं. नोटीस ई-मेलने चालेल, हेही घातलं. आखाड्याची देखभाल काढायला मात्र बहुमत मिळालं नाही. लोकांना तो आता आपला वाटायला लागलाय.

यंदाची नोटीस परवा गेली, विषय सहा, ऐनवेळचे विषय नाहीत. सहा जणांची वर्गणी अजून यायची आहे. त्यांत आमचे हे आहेत. काल रात्री जेवताना मी त्यांना टपाल पेटी बघायला सांगितलं.